शिकणाऱ्या सुरीखाली शरीर कोणाचे?

अमेरिकेत सर्जन व्हायचे तर वैद्यकीय पदवीनंतर किमान पाच वर्षांची रेसिडेन्सी करावी लागते आणि त्या काळात किमान ८५० मोठ्या शस्त्रक्रिया स्वतःच्या नोंदीत दाखवाव्या लागतात. २०११ साली तिथल्या नियामक संस्थांनी यात एक सवलत दिली. पूर्वपरवानगी घेतली असेल तर परदेशातील रुग्णालयात घालवलेला काळ आणि तिथे केलेल्या शस्त्रक्रियाही या हिशेबात धरता येतात. त्यामुळे मलावी, युगांडा, केनिया, रवांडा अशा देशांतील सरकारी आणि मिशन रुग्णालयांत महिना-दोन महिन्यांसाठी जाऊन शिकण्याला अधिकृत मान्यता मिळाली. ब्रिटन, कॅनडातूनही असे शिकाऊ डॉक्टर जातात. याला सेवा म्हटले जाते. काही अंशी ती सेवा आहेही. पण सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यातला व्यवहार तपासून पाहण्याची आपल्या समाजाला सवय आहे, म्हणून हाही तपासू.

आधी गरज किती ते पाहिले पाहिजे. ‘लॅन्सेट’च्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली मांडलेला हिशेब असा : जगातल्या पाच अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. वर्षाला होणाऱ्या सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रियांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला फक्त ६ टक्के येतात आणि त्या देशांत जगाची एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या राहते. आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया दरवर्षी व्हायला हव्यात. तेव्हा जिथे सर्जनच नाही तिथे कोणी आला तर तक्रार कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु येणारा कोण आहे, हेही विचारले पाहिजे. येणारा सर्जन नसतो. तो सर्जन होऊ घातलेला विद्यार्थी असतो आणि तो येतो तो मुख्यतः शिकायला.

तो तिथेच का येतो? श्रीमंत देशात पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स यांची बरीच कामे आता दुर्बिणीने होतात. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया विद्यार्थ्याच्या हाताला कमी लागते. कामाच्या तासांवरही बंधने आली. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तास, युरोपात ४८. आणि तिथला रुग्ण वेळेत येतो. आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयात रुग्ण येतो तो वर्षानुवर्षे वाढलेला गलगंड घेऊन, मांडीपर्यंत उतरलेला हर्निया घेऊन, विषमज्वराने आतड्याला छिद्र पडून चार दिवस झाल्यावर. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून तो उशिरा आला. या उशिरालाच परत गेलेले विद्यार्थी आपल्या अनुभवकथनात ‘समृद्ध शिक्षण’ म्हणतात. ज्या दारिद्र्याने रोग वाढवला, त्याच दारिद्र्याची दुसऱ्याच्या शिक्षणासाठी पुंजी होते. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अधिक खुपते ते हेच. त्यात कोणा एका विद्यार्थ्याचा दोष नाही, हे मान्य करूनही खुपते.

वैद्यकशास्त्राला ही सवय जुनी आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टराने अडलेल्या बाळंतपणाने मूत्राशयाला पडणारे छिद्र शिवण्याची पद्धत शोधली. कोणावर प्रयोग करून? गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. त्यांतल्या अनार्का नावाच्या मुलीवर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. तिची संमती मालकाने दिली होती. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून हलवायला एप्रिल २०१८ उजाडले. आजचा शिकाऊ सर्जन सिम्स नव्हे, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण शिकणाऱ्याची चूक कोणाच्या शरीरावर खपते, हा प्रश्न तेव्हाचाच आहे.

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर मुद्दा संमतीचा आहे. १ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांना बजावले, की भुलीखाली असलेल्या रुग्णाच्या गुप्तांगांची तपासणी विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी करायची असेल तर रुग्णाची आधी लेखी संमती घेतली पाहिजे. चांगला नियम आहे, उशिरा झाला तरी. मग त्याच देशाचा विद्यार्थी लिलाँग्वेच्या थिएटरात सुरी हातात घेतो तेव्हा टेबलावरच्या बाईला तिच्या चिचेवा भाषेत कोणी सांगते काय, की हा अजून शिकतो आहे, आणि तू नाही म्हणालीस तरी तुझी शस्त्रक्रिया होईल? यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. नकार दिला तर उपचारच मिळणार नाहीत अशी भीती असेल, तर त्या होकाराला कायद्यात काय किंमत?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केले आहे. रुग्ण स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती बेशुद्ध असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. न्यायालय म्हणाले, ही संमती नव्हे. पुरेशी माहिती देऊन, ज्याचे शरीर त्याच्याकडून, त्याच गोष्टीपुरती घेतलेली संमती हीच खरी संमती. आणि तरीही २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्ही लसीचा एका अमेरिकी संस्थेचा प्रकल्प राबवला गेला तेव्हा खम्ममच्या वसतिगृहांतील आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डनने सह्या केल्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लसीचा प्रश्न वेगळा, शस्त्रक्रियेचा वेगळा. पण मुलीच्या जागी वॉर्डनची सही चालते, असे वाटणारे मन एकच आहे.

आता त्या देशातल्या तरुण डॉक्टराचा विचार करू, कारण चर्चेत तो सहसा नसतोच. मलावीच्या रुग्णालयात सर्जरी शिकणाऱ्या स्थानिक डॉक्टरालाही शस्त्रक्रिया हाताने करूनच शिकायची असते. टेबल एक, रुग्ण एक. पाहुणा सुरी घेतो तेव्हा स्थानिक विद्यार्थी दुभाष्याचे काम करतो किंवा जखम उघडी धरून उभा राहतो. पाहुणा महिन्याने जातो, हा पुढची तीस वर्षे तिथेच राबणार असतो. मग हाताला वळण कोणाच्या लागले पाहिजे? शिवाय पाहुण्याला शिकवतो कोण? तिथलाच सर्जन, जो आधीच तीन माणसांचे काम एकटा करतो. मलावीत जिल्हा रुग्णालयांतली बहुतांश सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर करतात. त्यांच्याकडे एमबीबीएसची पदवी नसते. अमेरिकी विद्यापीठाचा विद्यार्थी त्यांच्याकडून शिकून जातो, पण प्रशस्तिपत्रावर नाव विद्यापीठाचे येते. मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा पाहुण्यांना त्यांच्या विद्यापीठांनी परत बोलावून घेतले. क्लिनिकल ऑफिसर कुठे जाणार होते?

आणि उलट्या दिशेने काय होते? मलावीचा डॉक्टर अमेरिकेत शिकायला गेला तर त्याला रुग्णाला हात लावता येत नाही. आधी परीक्षा, परवाना, व्हिसा. तोपर्यंत भिंतीला टेकून पाहायचे. आपल्या वस्तीतून शिकून एमबीबीएस झालेल्या मुलामुलींना हे ठाऊक आहे. अमेरिकेतील ‘ऑब्झर्व्हरशिप’साठी कर्ज काढून जायचे आणि महिनाभर हात मागे बांधून उभे राहायचे. रुग्णाचे रक्षण म्हणून तो नियम योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच, की न्यूयॉर्कच्या रुग्णाचे रक्षण करणारा नियम ब्लँटायरच्या रुग्णालाही लागू करा. जे काम तुम्हाला स्वतःच्या देशात, आज, एकट्याने करण्याची मुभा नाही ते तिथेही एकट्याने करायचे नाही.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. नीतीनियमांची चौकट २०१० सालीच प्रसिद्ध झाली आहे. यजमान संस्थेचा खर्च भरून देणे, स्थानिक विद्यार्थ्यांचे नुकसान न होऊ देणे, असे सारे तीत आहे. नाही ती सक्ती. रवांडाने २०१२ साली वेगळीच अट घातली. विद्यार्थी नकोत, शिक्षक पाठवा. अ‍ॅग्नेस बिनाग्वाहो तेव्हा आरोग्यमंत्री होत्या. अमेरिकेतील वीसहून अधिक संस्थांचे प्राध्यापक तिथे राहून रवांडाच्या डॉक्टरांना शिकवू लागले आणि पैसा रवांडा सरकारच्या हातून खर्च झाला. पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेच्या देशांनी १९९९ मध्ये आपले स्वतःचे सर्जन महाविद्यालय उभे केले. त्याची कचेरी टांझानियात आरुशाला आहे. तिथले प्रशिक्षण त्या त्या देशाच्या रुग्णालयातच होते आणि शिकलेले बहुसंख्य सर्जन आपल्याच प्रदेशात राहतात. पाहुण्यांच्या विमानभाड्यावर होणाऱ्या खर्चातला काही भाग इकडे वळवला तर कोणाचे बिघडेल? बिघडेल ते ८५० च्या हिशेबाचे.

हे सारे लिहिताना माझ्यासमोर एक कागद आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका म्हाताऱ्या बाबांच्या प्रकरणात मी वकीलपत्र घेतले होते. सरकारी रुग्णालयातून केसपेपरची प्रत मिळवली. संमतीपत्र छापील आणि इंग्रजीत. शस्त्रक्रियेचे नाव, डॉक्टराचे नाव, धोके या तिन्ही जागा कोऱ्या, आणि खाली बाबांचा निळा अंगठा. शस्त्रक्रिया कोणी केली हे त्यांच्या मुलाला शेवटपर्यंत कळले नाही. राउंडला आलेल्या मुलांपैकी कोणीतरी, एवढेच तो सांगू शकला. आपल्याकडे त्यासाठी कोणी परदेशातून येण्याची गरज पडत नाही.

म्हणून वाचकांना वकील या नात्याने सांगतो. घरचे माणूस जनरल वॉर्डात असेल तर अंगठा देण्याआधी फॉर्म मराठीत वाचून मागा, कोऱ्या जागा समोर भरून घ्या, सुरी कोण धरणार आणि त्याच्या शेजारी मोठे डॉक्टर उभे असतील काय ते विचारा, आणि त्या कागदाची झेरॉक्स घेऊनच खाली या.