ऊन, औषध आणि अर्धा इतिहास : चौकपासून सनबेडपर्यंत

१/ मे १८५०. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम खालापूर तालुक्यातील चौक गावी होता. तेथून ते समोरचा डोंगर चढले आणि माथेरान हे साहेबांचे आरोग्यस्थान होण्यास आरंभ झाला. साहेब वर गेला तो गारव्यासाठी. ऊन भातखाचरांत राबणाऱ्यांच्या वाट्याला खालीच राहिले.

२/ पुढे अर्धशतकात हेच ऊन युरोपात औषध ठरले. डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे दाखवले. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमध्ये क्षयरोग्यांसाठी सूर्यचिकित्सालय उघडले.

३/ इतिहास एवढा खरा. मात्र त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खोटा आहे : ऊन जंतू मारते, म्हणून उन्हाने संसर्ग टळतो, ऊन नसेल तर अतिनील किरणांच्या नळ्यांखाली झोपवणारे सनबेड आहेच. फिन्सेन यांचा प्रकाश कातडीवरील रोगावर पडत होता. फुप्फुसात ऊन पोहोचत नाही. तेथील क्षयाला आवर घातला तो १९४३ मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने आणि त्यामागून आलेल्या औषधांनी.

४/ मग ‘ड’ जीवनसत्त्वाचा आधार घेतला जातो. हाडांसाठी ते हवेच; वाद संसर्गाचा आहे. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत निम्म्या मुलांना तीन वर्षे हे जीवनसत्त्व दिले गेले. २०२० मध्ये निष्कर्ष आले : क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही.

५/ सनबेडचा हिशेब तर उलटाच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्याला निश्चित कर्करोगकारकांत बसवले. तिशीच्या आत वापर सुरू केल्यास मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असे तेव्हाच नोंदवले गेले. शिवाय अतिनील किरण त्वचेची प्रतिकारशक्ती दडपतात. ओठांवरचा सुप्त हर्पिस त्यांनी पुन्हा उफाळतो. प्रतिकारशक्तीच्या नावाने विकायचे ते हेच यंत्र!

६/ सर्वांत मोठा पुरावा घरचाच आहे. उन्हाने संसर्ग टळत असता, तर जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात नसते. रायगडच्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना ऊन कधी कमी पडले? कमी पडते ते अन्न. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

७/ ‘पूर्वज उन्हात वाढले, म्हणून निरोगी होते’ असे सांगणारा त्या पूर्वजांपैकी किती जण क्षयाने गेले हे सांगत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने फिन्सेनचे नोबेल अवश्य सांगावे. पण मंगोलियाची मुले आणि झारखंडचा शिधा वगळून ते सांगणे ही यंत्रविक्रेत्याची जाहिरात होय.