नकार तुमच्या इंग्रजीला मिळालेला नाही

तुम्हाला ती मेल आली असेल तर तिचा मजकूर मी न बघता सांगू शकते. अर्ज केल्याबद्दल आभार, सगळेच उमेदवार तोलामोलाचे होते, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. आपण नेमके कुठे कमी पडलो, हे त्यात एका ओळीतही नसतं. ती ओळ आपण स्वतः भरतो. रात्री पडल्या पडल्या मुलाखत पुन्हा आठवत राहतो आणि शेवटी ठरवतो: माझे उच्चार नडले.

परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी मागायला जाऊन हात हलवत परत आलेल्या प्रत्येकासाठी मी हे लिहिते आहे. त्यांच्या आसपासच्या मराठी माणसांनाही मला काही सुनवायचं आहे. ते शेवटी.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. एम.ए., बी.एड. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शारजाला आलो. पदव्यांचं अटेस्टेशन, मुंबई-दिल्लीचे शिक्के, इथल्या मंत्रालयाचा शिक्का, हे सगळं पार पाडून मी अर्ज करायला लागले. पहिल्या दीड वर्षात अकरा मुलाखती झाल्या आणि अकरा नकार मिळाले. त्यातली एक सात मिनिटांत संपली. समोरच्या बाईंनी माझा सीव्ही वाचला, अनुभवाचं कौतुक केलं आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, “आमच्या पालकांची अपेक्षा नेटिव्ह स्पीकरची असते.” मी विचारलं, “एक डेमो लेसन घेऊन दाखवू का?” त्या म्हणाल्या, “त्याची गरज नाही.”

घरी आल्यावर सांत्वनाला माणसं कमी नव्हती. कोणी म्हणालं, पॉझिटिव्ह राहा. कोणी ब्रिटिश अ‍ॅक्सेंट शिकवणाऱ्या व्हिडिओंच्या लिंका पाठवल्या. कोणी म्हणालं, घरीच ट्यूशन घे की. एका वहिनींनी तर विचारलं, तसं पाहिलं तर गरज काय आहे तुला? मी त्यातला अ‍ॅक्सेंटचा सल्ला मनावर घेतला. महिनाभर कानात इअरफोन घालून आरशासमोर ओठ वाकडे करत बसले. एके दिवशी मुलगा दारात येऊन म्हणाला, “आई, तू अशी का बोलतेस?” त्या दिवशी मी इअरफोन काढून ठेवले.

आता शांतपणे एक गोष्ट तपासू या. ‘नेटिव्ह स्पीकर’ म्हणजे कोण? शब्दाप्रमाणे, ज्याची ती मातृभाषा आहे तो. पण नोकरीच्या बाजारात हे कोणी तपासत नाही. तपासतात तो पासपोर्ट. दक्षिण कोरियाचा परकीय भाषा शिक्षकाचा ई-2 व्हिसा बघा. इंग्रजीसाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा इंग्रजी नाही. झुलू आहे, खोसा आहे, आफ्रिकान्स आहे. तिथले शिक्षक उत्तम शिकवतात याबद्दल मला शंका नाही, आणि मला म्हणायचंय ते हेच: मातृभाषा नसूनही उत्तम शिकवता येतं हे त्या यादीनेच मान्य केलं आहे. भारतीयांसाठी 2010 साली लागू झालेल्या व्यापार करारातून एक अरुंद दार किलकिलं झालं, तेही सहायक शिक्षकाचं. या यादीत तुमच्या उच्चारांसाठी कुठे रकानाच नाही. मग तुम्ही उच्चार घासून पुसून लख्ख केलेत तरी तो भरायचा कुठे?

इथे आखातात व्हिसाची अशी यादी नाही. उलट संयुक्त अरब अमिरातीचा 2021 साली आलेला आणि फेब्रुवारी 2022पासून लागू झालेला कामगार कायदा वंश, रंग, धर्म, राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करायला स्पष्ट मनाई करतो. तरीही जाहिरातीत ‘नेटिव्ह’ हा शब्द सापडतो, कारण तो ऐकायला राष्ट्रीयत्वासारखा लागत नाही, पात्रतेसारखा लागतो. ‘भारतीयांनी अर्ज करू नये’ असं लिहिलं तर सगळ्यांना खटकेल. ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ लिहिलं की आपणच मान खाली घालतो.

हा समज आला कुठून? 1961 साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांतल्या इंग्रजी शिक्षणावर एक परिषद भरली होती. युगांडा स्वतंत्र व्हायला अजून एक वर्ष होतं. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांना इंग्रजी कशी शिकवायची, हे तिथे ठरत होतं. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 सालच्या आपल्या ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या पुस्तकात त्या परिषदेतून रूढ झालेली पाच गृहीतकं वेगळी काढून दाखवली. त्यातलं एक असं की इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे ती मातृभाषा असलेला. फिलिप्सन यांनी त्याला सरळ भ्रम म्हटलं. दोन वर्षांनी हंगेरीच्या पीटर मेज्येश यांनी मातृभाषक नसलेल्या शिक्षकांवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यांची बलस्थानं मांडली: ते स्वतः ती भाषा शिकलेले असतात, विद्यार्थी कुठे अडणार हे त्यांना आधीच दिसतं. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना टेसॉल हिने 2006 साली अशा शिक्षकांविरुद्धच्या भेदभावाचा अधिकृत निषेध केला. थोडक्यात, ज्या विषयाच्या नावाने तुम्हाला नाकारलं जातं, त्या विषयाचे अभ्यासक तुमच्या बाजूने आहेत. तुम्हाला नाकारतो तो शाळेचा मार्केटिंग विभाग.

पुस्तकं राहू द्या. आपण सगळे मराठीचे नेटिव्ह स्पीकर आहोत ना? मग शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत परदेशात वाढलेल्या मुलाने विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर द्या: ‘मी आंबा खातो’ आणि ‘मी पोळी खातो’, दोन्हीकडे ‘खातो’. मग ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ असं का? खाणारा तर मीच आहे, मग क्रियापद पोळीच्या मागे का गेलं? कर्मणी प्रयोग आठवला असेल तर शाबास. पण पोरगं पुढे विचारतं, मग ‘मी पाणी प्यायलो’ कसं? इथे क्रियापद पाण्याच्या मागे का गेलं नाही? आपल्यातले शंभरातले नव्वद म्हणतील, “अरे, असंच असतं ते.” आपण चुकत कधीच नाही, पण सांगता येत नाही, कारण आपल्याला ते कधी शिकावंच लागलं नाही. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं यांतलं अंतर मोजायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला सापडत नाही.

आता हेच इंग्रजीला लावा. इथल्या वर्गात अरबी बोलणारी मुलं ‘पार्किंग’ला ‘बार्किंग’ म्हणतात, कारण अरबीत ‘प’ नाही. मला ते चटकन कळलं, कारण मी स्वतः इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींना एकाच ‘व’मध्ये कोंबून मोठी झाले आहे. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं कुठे लावायची आणि कुठे गाळायची, याचा छळ मी सोसला आहे, कारण मराठीत ती नाहीतच. ज्या वाटेवर ठेच लागते ती वाट मी चाललेली आहे. हा अनुभव शिक्षकाच्या सीव्हीत पहिल्या ओळीत यायला हवा. आपण तो लपवतो.

याचा अर्थ प्रत्येक नकार अन्यायाचा असतो असं नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. माझ्या अकरा नकारांतला एक मला पूर्णपणे मान्य आहे. त्या शाळेने मला चाळीस मिनिटांचा डेमो दिला. त्यातली तीस मिनिटं मीच बोलले. बोर्डभर नियम लिहिले. मुलांनी फक्त वहीत उतरवून घेतलं. आपल्याकडे बारावीच्या शंभर मुलांच्या वर्गात नऊ वर्षं हेच केलं होतं आणि त्याला चांगलं शिकवणं म्हणत होते. इथे पंचवीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने कमी बोलायचं असतं आणि मुलांना बोलतं करायचं असतं. त्या नकारातून मला शिकण्यासारखं काही होतं. सात मिनिटांच्या त्या नकारातून नव्हतं.

म्हणून नकार पचवण्याचा माझा एकच उपाय आहे: त्याची वर्गवारी करा. एक वही करा. प्रत्येक मुलाखतीनंतर तीन गोष्टी लिहा. त्यांनी तुम्हाला शिकवताना पाहिलं का? शिकवण्याबद्दल एखादा तरी प्रश्न विचारला का? नकाराचं कारण तुम्ही विचारल्यावर काय उत्तर आलं? कारण नक्की विचारा, दोन ओळींच्या नम्र मेलने. उत्तर बहुधा येणार नाही, पण आलं तर सोन्यासारखं असतं. ज्यांनी तुम्हाला शिकवताना पाहिलंच नाही, त्यांच्या नकारावरून स्वतःच्या शिकवण्याबद्दल निष्कर्ष काढण्याचा तुम्हाला अधिकारच नाही. तो नकार वहीत एका ओळीत लिहा आणि पान उलटा.

पैसे खर्च करायचेच असतील तर उच्चार बदलून देणाऱ्या क्लासवर करू नका. स्पष्ट, सावकाश, समजेल असं बोलणं वेगळं आणि दुसऱ्याचा आवाज उसना घेणं वेगळं. पहिलं जरूर करा. त्याउपर पैसे असतील तर केंब्रिजच्या सेल्टासारखा अभ्यासक्रम करा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि कोणीतरी मागे बसून ते तपासतं. तिथे तुमची उणीव दाखवली गेली तर ती शिकवण्यातली असेल आणि सुधारता येईल. पासपोर्ट सुधारता येत नाही.

आता आपल्या मंडळींकडे वळते.

त्या बाई म्हणाल्या होत्या, “आमच्या पालकांची अपेक्षा.” बरेच दिवस मला ती पळवाट वाटली. मग गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मोदक वाढताना शेजारचं बोलणं कानावर पडलं. “आमच्या शाळेत सगळे टीचर्स ब्रिटिश आहेत. फी आहे, पण बरं वाटतं. आधीच्या शाळेत एक मद्रासी मिस होती, मुलाचं इंग्रजी बिघडलं असतं.” बोलणाऱ्या ताई माझ्यावर दीड वर्ष हळहळत होत्या. व्हिडिओंच्या लिंका त्यांनीच पाठवल्या होत्या. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं. त्यांना या दोन गोष्टींचा संबंधच लागला नव्हता.

म्हणजे ते ‘पालक’ आपणच आहोत. शाळा आपल्याला गिऱ्हाईक म्हणून ओळखते आणि आपल्याला जे हवं ते मांडून ठेवते. स्वतः नागपूर-कोल्हापूरच्या शिक्षकांकडून इंग्रजी शिकून, त्या इंग्रजीच्या जोरावर इथे मोठ्या पगारावर आलेली माणसं आपल्या मुलांसाठी मात्र त्या शिक्षकांना नालायक ठरवतात. ज्या सरांनी आपल्याला व्हिसापर्यंत पोचवलं, ते आज इथे मुलाखतीला आले तर आपल्याच पसंतीमुळे बाहेर काढले जातील. वर आपण त्यांना सांगणार, सर, पॉझिटिव्ह राहा.

शाळांचा दोष मी कमी करत नाही. कायदा त्यांनी पाळायचा आहे, आपण नव्हे. पण पालकांची ढाल त्यांच्या हातात आपण दिली आहे आणि ती काढून घेणं आपल्या हातात आहे.

दुबईतल्या खाजगी शाळांचे तपासणी अहवाल केएचडीए ही सरकारी संस्था प्रसिद्ध करत आली आहे. त्यांच्या सुरुवातीलाच शाळेची माहिती असते. शिक्षकांत सर्वांत जास्त कोणत्या देशाचे आहेत, हे तिथे लिहिलेलं असतं. आणि दरवर्षी किती टक्के शिक्षक शाळा सोडून जातात, हेही. मुलासाठी शाळा शोधताना आपण पहिली ओळ वाचून एकमेकांना फॉरवर्ड करतो. दुसरी ओळ मुलाच्या जास्त कामाची आहे.

मला शेवटी एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत नोकरी मिळाली. पगार बेताचा आहे, वर्ग मोठा आहे, मुलं बोलायला लागली आहेत. अजून अर्ज करते, वही अजून चालू आहे. तुम्हीही करत राहा. आणि तुम्ही अर्जदार नसून पालक असाल तर पुढच्या ओपन डेला शिक्षक कुठल्या देशाचे आहेत हे विचारू नका. या वर्गात मूल तासाला किती वाक्यं बोलतं, ते विचारा. शाळेला उत्तर देता आलं नाही, तर ती फी कशाची होती हे तुम्हाला कळेल.