आयुक्तांच्या बदलीची कारणे जाहीर करा

प्रति,
महाराष्ट्र शासन

महापालिका आयुक्ताला मुदतीआधी का हलवले, हे शहराला कधी कळणार? नागरिकांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला, शासनाने उत्तर दिले नाही.

शासनाचाच २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. त्यानुसार भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षे. त्याआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवायची. आता याच सेवेतील तुकाराम मुंढे यांच्या नेमणुका पाहाव्यात. नवी मुंबईचे आयुक्तपद, मे २०१६ ते मार्च २०१७. पुण्याची बससेवा चालवणारी पीएमपीएमएल, मार्च २०१७ ते फेब्रुवारी २०१८. नाशिकचे आयुक्तपद, फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०१८. नागपूरचे आयुक्तपद, जानेवारी ते ऑगस्ट २०२०. कायदा एका पदाला जेवढा काळ देतो, साधारण तेवढ्यात चार पदे झाली!

मुंढे यांची एकहाती कार्यपद्धती निर्दोष होती, असा दावा इथे नाही. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये शंभरहून अधिक नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. ती तक्रार गंभीर होती. शासनाने मात्र त्यांना पदावर ठेवले आणि पाच महिन्यांनी हलवले. आयुक्त बरोबर होते तर हलवले का? चुकत होते तर ठेवले का?

याचे परिणाम शहर भोगते. ‘साहेब आज आहेत, उद्या नसतील’ हे प्रभाग कार्यालयातल्या लिपिकालाही ठाऊक असते. मग तो नवी पद्धत शिकत नाही, साहेब जाण्याची वाट पाहतो. ठेकेदारही तेच करतो.

सुरतेत वेगळे घडले. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ मध्ये आयुक्त झालेले एस. आर. रावही कडकच होते. त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले. पण त्याचबरोबर स्वतःचे आर्थिक आणि प्रशासकीय अधिकार सहा झोनच्या प्रमुखांना वाटून दिले. १९९६ मध्ये इंटॅक या वारसा-संवर्धन संस्थेच्या पाहणीत सुरत देशातले दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. रावांना दोन वर्षांहून अधिक काळ मिळाला होता. मुंढे यांना नागपुरात मिळाले तेवढ्या सात महिन्यांत कोणता आयुक्त अधिकार वाटून देईल, आणि खालचा अधिकारी ते घेण्याचे धाडस कशाच्या भरवशावर करील?

मागणी एवढीच: तीन वर्षांआधी आयुक्ताची बदली झाली, तर नोंदवलेली लेखी कारणे आदेशासोबतच प्रसिद्ध करावीत. तक्रार कार्यपद्धतीची असेल, तर बदलीआधी महासभेत आयुक्ताचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि ते नागरिकांसमोर व्हावे.

— महापालिकेचे करदाते नागरिक