मारायचं की मुक्काम ठोकायचा?

गंगाजळात जंतू मरतात, हा मेसेज आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी फिरतो. त्यात थोडं तथ्य आहे. आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ साली नोंदवलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. त्यांना वाटलं, पाण्यात एखादा उडून जाणारा पदार्थ असावा. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी जिवाणूंना संपवणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिलं आणि हॅन्किन यांच्या नोंदीचा अर्थ लागू लागला. (म्हणून नदीचं पाणी न उकळता प्या, असं मी म्हणालो नाही. कृपया फॉरवर्ड करू नका.)

फाज म्हणजे प्रथिनांची डबी आणि आत डीएनए. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर नुसता कोड. चालवायला मशीन दुसऱ्याचं. टी-४ नावाचा फाज ई. कोलाय जिवाणूच्या अंगावर पाय टेकतो, ओळखीचा रेणू सापडला की शेपटी आकसते आणि डीएनए आत जातो. अर्ध्या तासात शंभराहून जास्त नवे फाज तयार होतात, भिंत विरघळते, पेशी फुटते.

पण सगळेच फाज असे घाईचे नसतात. एस्थर लेडरबर्ग यांना सापडलेला लॅम्डा फाज आत शिरल्यावर दोन वाटांपैकी एक धरतो. एकाच पेशीत बरेच लॅम्डा घुसले, म्हणजे बाहेर यजमान कमी उरलेत. अशा वेळी तो बहुधा मारत नाही. आपला डीएनए यजमानाच्या डीएनएत जोडून गप्प बसतो. पेशी दुभंगली की त्याचीही आयती प्रत निघते. बदल्यात दुसऱ्या लॅम्डाला तो घरात पाय रोवू देत नाही. अतिनील किरणांनी यजमानाच्या डीएनएला इजा झाली, की मात्र त्याला गप्प ठेवणारं प्रथिन तुटतं आणि तो जागा होतो. घर पडायला लागलं की पाहुण्याला आधी कळतं!

हा मुक्काम आपल्याला महागात पडू शकतो. कॉलऱ्याचे जुलाब ज्या विषामुळे होतात, ते १९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं. त्या विषाचं जनुक मुळात एका फाजचं आहे, हे १९९६ मध्ये कळलं. म्हणजे एक फाज कॉलऱ्याच्या जंतूला मारतो, तर दुसरा त्यालाच विषारी करून ठेवतो.

म्हणूनच अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या जंतूंवर फाज वापरताना मुक्काम ठोकणारे बाजूला काढून फक्त मारणारे निवडतात. एवढ्यानेही भागत नाही. २०१६ साली अमेरिकेत सॅन डिएगोला टॉम पॅटरसन हे प्राध्यापक अशाच जंतूमुळे मरणाच्या दारात होते. त्यांना फाजचं मिश्रण दिलं, ते कोमातून बाहेर आले. पण उपचार चालू असतानाच जंतू बदलला आणि ते फाज त्याच्यावर चालेनात. मग त्या बदललेल्या जंतूला मारणारा नवा फाज शोधावा लागला. असे फाज शोधायला लोक कुठे जातात माहीत आहे? गटाराच्या पाण्याकडे.