गोठ्यावर रात्रीची नजर



म्हैस व्यायला झाली की घरात कुणालाच धड झोप लागत नाही. घरधनी कांबळे घेऊन गोठ्यात बसतो, तीन रात्री जागून काढतो, आणि चौथ्या रात्री जरा डोळा लागला की नेमकी तेव्हाच म्हैस विते. रेडकू आडवे आले, किंवा नाकातोंडावरचा पडदा कुणी काढला नाही, तर सकाळी कपाळाला हात लावायची पाळी येते. दहा महिन्यांची राखण एका डुलकीत जाते.

यावर एक स्वस्त उपाय आहे. मुलांनी वापरून बाजूला ठेवलेला जुना लॅपटॉप आणि साधा यूएसबी कॅमेरा एवढ्यावर गोठ्याचे चित्र घरातल्या मोबाइलवर दिसू शकते.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठातल्या संगणक विभागात १९९१ साली कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला होता. भांडे रिकामे आहे की भरलेले हे जागेवरूनच कळावे आणि फुकटची चक्कर वाचावी, एवढाच हेतू. १९९३ साली ते चित्र इंटरनेटवर आले आणि २००१ सालापर्यंत जगाने पाहिले. त्याच १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. लिनक्स फुकट मिळते आणि त्याच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही चालतात. आपल्या कामाला ते बेस बसते.

आता जोडणी कशी करायची ते पाहू. लॅपटॉपवर लिनक्स मिंट किंवा डेबियन बसवून घ्या. आधी त्यातले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर ती पुसली जातील. बहुतेक यूएसबी कॅमेरे लिनक्स आपणहून ओळखते. मग ‘मोशन’ नावाचा फुकट प्रोग्राम बसवा. त्याची एक सेटिंगची फाइल असते. ती प्रशासकाच्या हक्काने उघडून तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, चित्राचा आकार ६४० बाय ४८० पुरे. जुन्या यंत्रावर जास्त ओझे नको. दुसरी, ‘स्ट्रीम लोकलहोस्ट’ ही ओळ. ती चालू असेल तर चित्र फक्त त्याच लॅपटॉपवर दिसते. मोबाइलवर पाहायचे तर ती बंद करावी लागते. तिसरी, चित्र पाहण्यासाठी नाव आणि पासवर्ड. हे टाळू नका. फाइल साठवून प्रोग्राम पुन्हा सुरू करा. मग घरच्या वाय-फायवरच्या मोबाइलमध्ये ब्राउझर उघडून लॅपटॉपचा आकडी पत्ता, त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि ८०८१ असे लिहा. गोठा समोर दिसेल. घरातल्या घरात पाहायला इंटरनेटचा पॅकही लागत नाही.

प्रोग्रामने हालचालीचे व्हिडिओ साठवणे चालू असेल तर ते बंद करा. म्हशीने शेपूट हलवली तरी तो चित्रण करील आणि डिस्क भरून जाईल.

आता अनुभवाच्या चार गोष्टी. साधा कॅमेरा अंधारात आंधळा असतो, म्हणून गोठ्यात लहान एलईडी दिवा ठेवा. यूएसबीची साधी वायर पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. पत्र्याच्या भिंतीतून वाय-फाय नीट जात नाही. तिथे लॅनची वायर टाका, ती शंभर मीटरपर्यंत चालते. वायर पाइपातून न्या, उंदरांचा भरवसा नाही. कॅमेरा शिंगांच्या टप्प्याबाहेर उंचावर बांधा आणि काचेवरचे जाळे पुसत जा. लॅपटॉप आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर बंद पडेल. त्याला लहान बॅकअप जोडा.

सर्वांत महत्त्वाचे आता सांगतो. कॅमेऱ्याला लाज नसते, ती आपण राखायची असते. गोठ्याशेजारीच पुष्कळ घरांची मोरी असते, अंगणात लेकी-सुना वावरतात. कॅमेऱ्याचे तोंड फक्त जनावराकडे हवे. बांधून झाल्यावर घरातल्या बायकांना आधी चित्र दाखवा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच चालू करा. ‘बाहेरगावाहूनही दिसेल, राउटरची वाट उघडून देतो’ असे कुणी म्हटले तर नको म्हणा. ती वाट उघडली की जगातला कुणीही दार ठोठावू शकतो. परगावाहून पाहायचेच असेल तर जाणत्याकडून व्हीपीएनची सोय करून घ्या.

आणि एक ध्यानात ठेवा. कॅमेरा पाहतो, सोडवत नाही. कास तटतटली, शेपटीच्या बुडाशी खळगे पडले, चिकट स्राव दिसला की मोबाइल उशाशी ठेवा आणि घरातल्यांनी पाळ्या लावून तासा-तासाने पाहावे. पाणमोट फुटून तासाभरात काहीच पुढे सरकले नाही, तर ओढाताण न करता पशुवैद्यकाला बोलवा. त्यांचा नंबर आधीच लिहून ठेवलेला असावा. रेडकू झाले की नाकातोंड स्वच्छ करा आणि पहिल्या तासातच त्याला चीक पाजा.

जाग तुमचीच हवी, यंत्र फक्त चकरा वाचवते. थंडीच्या रात्री म्हाताऱ्या वडिलांना गोठ्यात बसावे लागले नाही आणि सकाळी दावणीला रेडकू उड्या मारताना दिसले, तर एवढी खटपट कारणी लागली म्हणायची.