पाठवणं फुकट झालं, ग्राहकाचा वेळ फुकट नाही झाला



बॅच मसाल्यांची असो, बेकरीची असो की ब्लाउज शिवणाऱ्या ताईंची, एक प्रश्न हमखास येतो. "सर, रोज व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो. स्टेटस ठेवतो. ग्रुपवर पाठवतो. लोक बघतात, पण ऑर्डर देत नाहीत. अजून किती टाकायचं?"

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण व्हॉट्सअॅप बिझनेसची सेटिंग्ज बघितली. सेटिंग्ज पाच मिनिटांत होतात. पण ती कशासाठी करायची, हे सांगायला व्हिडिओत वेळ पुरला नाही. ते इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचे मेसेज कमी पडत नाहीयेत, जास्त होतायत. आणि ज्या ग्राहकाला खरंच विकत घ्यायचंय, त्याला साधं सरळ उत्तर मिळत नाहीये.

पूर्वी पैसे पाठवणाऱ्याचे जायचे

थोडं मागे जाऊ. तार करायची तर शब्द मोजून पैसे पडायचे. त्यामुळे व्यापारी माणूस तारेत काय लिहायचा? माल, भाव, तारीख. संपलं. "आपली तब्येत ठीक असेल अशी आशा करतो" असलं काही तारेत नसायचं. ही तारसेवा आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. समोर मीटर पळतोय, बाहेर रांग लागलीय. रात्री दर उतरायचे म्हणून लोक जेवून उशिरा बूथवर जायचे. काय बोलायचं ते घरूनच ठरवून, कधी चिठ्ठीवर लिहून न्यायचे.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून दिल्लीला. तेव्हा आलेल्या कॉललासुद्धा पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. तरी आउटगोइंगला पैसे होतेच, म्हणून आपण मिस कॉलची भाषा शोधून काढली. एक रिंग म्हणजे "पोचलो", दोन रिंग म्हणजे "खाली ये". एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं बसायची, देवनागरी जेमतेम ७०. तिथंही काटकसर.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती. बोलणाऱ्याच्या, लिहिणाऱ्याच्या खिशाला चाट बसायची. म्हणून तो आधी विचार करायचा. ऐकणाऱ्याला नेमकं मिळायचं.

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हे गणित उलटलं. आता एक मेसेज पाठवा की दोनशे, तुमचा खर्च तोच. म्हणजे जवळपास शून्य.

मग खर्च गेला कुठे?

खर्च संपला नाही. तो समोरच्याच्या खात्यात गेला. तुम्ही सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि सुविचार दोनशे जणांना पाठवता, तेव्हा तुमचे दहा सेकंद जातात. पण दोनशे जणांना फोन उचलून, बघून, डिलीट करावा लागतो. पाठवणं फुकट झालं, त्याचं बिल वाचणाऱ्याच्या नावावर फाटतं.

हे नुसतं कंटाळ्यापुरतं नसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथं पाच निरपराध माणसांचा जमावानं जीव घेतला. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा फोनाफोनी फिरत होत्या. ते मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणाचाही एक रुपया खर्च झाला नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. म्हणजे कंपनीलासुद्धा पटलं की पाठवणं इतकं सोपं नको, थोडा अडथळा हवा.

आपला धंदा छोटा आहे, आपल्या मेसेजनं कुणाचा जीव जात नाही. पण नियम तोच आहे. तुमच्यासाठी जे फुकट आहे, त्याची किंमत कुणीतरी मोजतंय. तो तुमचा ग्राहक असेल, तर एक दिवस तो तुम्हाला म्यूट करेल. सांगून नाही करणार. गुपचूप करेल. आणि दिवाळीच्या फराळाचा तुमचा खरा मेसेज जाईल, तेव्हा तो बघणारच नाही.

"भावासाठी इनबॉक्स करा"

आता माझ्या सगळ्यात नावडत्या वाक्याकडे येतो. सुंदर फोटो, छान पॅकिंग, आणि खाली लिहिलेलं असतं "भावासाठी इनबॉक्स करा".

का हो? दुकानात गेल्यावर भाव विचारला तर दुकानदार "मागच्या दाराने या, मग सांगतो" म्हणतो का?

भाव लपवण्यामागचा विचार मला माहीत आहे. माणूस इनबॉक्समध्ये आला की त्याला बोलण्यात गुंतवू, मग तो घेईल. मोठ्या वस्तूला हे चालतं. फर्निचर, इंटिरिअर, लग्नाचं केटरिंग, इथं बोलणं लागतंच. पण तिथंसुद्धा "एवढ्या रुपयांपासून पुढे" असं लिहिता येतं. अर्धा किलो चकलीसाठी कुणी गुंतायला येत नाही.

"सर, स्पर्धक भाव बघतो ना!" अहो, स्पर्धक दुसऱ्या नंबरवरून मेसेज करून दोन मिनिटांत भाव काढतो. त्याच्यापासून काहीच लपत नाही. लपतं ते फक्त त्या ग्राहकापासून, जो विचारायला संकोचतो.

आणि विचारलं तर काय होतं? हे संभाषण ओळखीचं वाटतंय का बघा.

ग्राहक: चकली आहे का?
तुम्ही: हो ताई, आहे.
ग्राहक: काय भाव?
तुम्ही: किती हवी?
ग्राहक: अर्धा किलो.
तुम्ही: भाजणीची की तांदळाची?
ग्राहक: भाजणीची.
तुम्ही: २८० रुपये.
ग्राहक: घरपोच मिळेल का?
तुम्ही: एरिया कुठला?

दहा मेसेज झाले, ऑर्डर अजून नाही. मधे तुम्ही कढईजवळ होतात, तिकडे ताई ऑफिसच्या मीटिंगमध्ये होत्या. सकाळी सुरू झालेलं बोलणं संध्याकाळपर्यंत लांबलं. तोवर त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट घेतलं. यात भांडण झालं नाही, नकार आला नाही. नुसती ऑर्डर गेली.

काउंटरवर हेच बोलणं वीस सेकंदांत होतं, कारण दोघं समोरासमोर असतात. चॅटवर दोघं वेगवेगळ्या वेळेत असतात. हा फरक ज्यानं ओळखला, त्याचा धंदा चॅटवर चालतो. समोरासमोर प्रश्नाला प्रश्न चालतो. चॅटवर पहिल्याच उत्तरात सगळं द्यायचं असतं.

"नमस्कार ताई. भाजणीची चकली अर्धा किलो २८० रुपये, तांदळाची २४०. कोथरूड, कर्वेनगरात घरपोच फुकट, बाकी पुण्यात ४० रुपये. आज संध्याकाळी ६ पर्यंत सांगितलंत तर परवा मिळेल. किती आणि कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

एकाच मेसेजमध्ये वस्तू, वजन, भाव, पोचवण्याचा खर्च आणि दिवस आला. शेवटी एक प्रश्न, ज्याचं उत्तर म्हणजेच ऑर्डर. आकडे तुमचे घाला, साचा हाच ठेवा. हा मेसेज रोज नव्यानं टाइप करू नका. बिझनेस अॅपमध्ये क्विक रिप्लाय म्हणून साठवा. तिरकी रेघ आणि शॉर्टकट टाइप केला की पूर्ण मेसेज समोर येतो. व्हिडिओत दाखवलेलं सेटिंग याच्यासाठी आहे.

काय लिहायचं, काय बोलायचं

हातात आता खूप साधनं आहेत, म्हणून कशानेही काहीही कळवायचं असं होत नाही. मी तीन भाग करतो.

भाव, वजन, माप, पत्ता, तारीख हे लिहून द्यायचं. नेहमी. फोनवर ठरलं असेल तरी नंतर एक ओळ लिहून टाकायची. "ठरल्याप्रमाणे १२ ब्लाउज, २० तारखेला, अॅडव्हान्स २,००० मिळाला." यात अविश्वास नसतो, दोघांची सोय असते. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिलेली आहे. उद्या वाद झाला तर हीच ओळ कामाला येते. आणि ती तुम्हालाही बांधते, हे विसरू नका.

तक्रार, उशीर आणि उधारी हे बोलून मिटवायचं. "लाडू खवट लागले" असा मेसेज आला की खाली "सॉरी" लिहून हात जोडलेला इमोजी टाकू नका. फोन उचला. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. तुम्ही मनापासून लिहिलेलं "बघते" समोरच्याला टाळाटाळ वाटू शकतं. फोनवर तोच शब्द धीर देतो. उधारीचंही तसंच. आधी फोन, मग बिल आणि क्यूआर कोड त्याच्या वैयक्तिक नंबरवर. ग्रुपवर किंवा स्टेटसवर उधारीचा टोमणा कधीच नाही. पैसे येतील एखाद वेळेस, माणूस परत येणार नाही.

पहिली मोठी ऑर्डर, नवा सप्लायर, भागीदारी यासाठी जाऊन भेटायचं. भाडं खर्च होऊ द्या. आज भेटायला जाणं हीच महाग गोष्ट उरलीय, म्हणून तिचं वजन पडतं. तुम्ही वेळ आणि पैसे खर्चून आलात, हे समोरच्याला न सांगता कळतं.

व्हॉइस नोटबद्दल दोन शब्द

व्हॉइस नोट बोलणाऱ्याची सोय आहे, ऐकणाऱ्याची नाही. तुम्ही तीन मिनिटं बोललात तर ग्राहकाला ती तीन मिनिटं ऐकावीच लागतात, बसमध्ये, बँकेत, कानाला फोन लावून. भाव बोलला असेल तर परत शोधायला पुन्हा सगळं ऐका.

पण ग्राहकानं व्हॉइस नोट पाठवली तर नाक मुरडू नका. आपल्याकडे अनेक आजी-आजोबांना, हात कामात असलेल्या लोकांना टाइप करणं जमत नाही. व्हॉइस नोटनं त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या बोलीत दुकानदाराशी बोलता आलं, ही मोठी गोष्ट आहे. त्यांना आवाजातच उत्तर द्या, अर्ध्या मिनिटाच्या आत. आणि खाली ऑर्डर एका ओळीत लिहून ठेवा.

"पण सर, टाकलंच नाही तर लोकांना कळणार कसं?"

हा प्रश्न बरोबर आहे. गप्प बसा असं मी म्हणत नाही. नव्या धंद्याला दिसावं लागतंच. पण दिसण्यासाठी स्टेटस आहे, कॅटलॉग आहे, इन्स्टाग्राम आहे. तिथं ग्राहक स्वतःहून येतो, त्याच्या वेळेला. थेट मेसेज म्हणजे त्याच्या घराची बेल वाजवणं. बेल वाजवायची तर हातात काहीतरी हवं: नवा माल, सणाची ऑर्डर, भावातला बदल, सुट्टीची सूचना.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्टसुद्धा हेच शिकवते. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यालाच तो मेसेज पोचतो. नंबर सेव्ह करणं म्हणजे ग्राहकानं दिलेली परवानगी. ती मागून घ्या. पाकिटावर छापा, "नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू." कुठून तरी मिळवलेल्या हजार नंबरांवर मेसेज मारू नका. लोक रिपोर्ट करतात, नंबर बंद होतो, आणि त्याबरोबर जुने ग्राहकही हातचे जातात.

आता तर लिहिणंही फुकट झालंय

एआयमुळे पुढची पायरी आलीय. आधी पाठवायला पैसे लागत नव्हते, आता लिहायला विचारही लागत नाही. कॅटलॉगचं वर्णन, पोस्टरचा मजकूर, हिशेबाचं पत्र यासाठी एआय जरूर वापरा. वेळ वाचतो. पण "आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत" असं उत्तर खवट लाडवाच्या तक्रारीला गेलं, तर ताईंना लगेच कळतं की समोर माणूस नाही. लोक छोट्या उद्योजकाकडे येतात ते माणूस भेटतो म्हणून. यंत्राचं उत्तर त्यांना मोठ्या कंपनीकडूनही मिळतं, आणि तिथं कदाचित मालही स्वस्त असतो.

या आठवड्याचं काम

तुमच्या शेवटच्या वीस ग्राहकांची चॅट उघडा. प्रत्येकाला वस्तूचा पूर्ण भाव, पोचवण्याच्या खर्चासकट, कितव्या मेसेजला कळला ते मोजा. वहीत लिहा. आकडा तीनच्या वर असेल तर नवीन जाहिरात करू नका, आधी तो आकडा खाली आणा. मग पुढचे दोन आठवडे एकही सुविचार न पाठवता धंदा करून बघा आणि ऑर्डर मोजा.

तुमचा आकडा कितीवर होता आणि कितीवर आला, ते मला कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.