कर्लीकाठची सायकलवाट कुणासाठी?

अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड अशी सुमारे २४० किलोमीटरची सायकलवाट आहे. तिथे पूर्वी आगगाडी धावायची. रूळ उखडले, बारीक खडी दाबून बसवली आणि आता माणसं मैलोगणती नदीच्या काठाने सायकल चालवतात. आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून अशी वाट सपाट असते. लहान मूलही दमत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे मोटारीला मज्जाव.

आपल्याकडे टाकून दिलेला लोहमार्ग नाही. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, धावतच राहो. पण नदी आहे. कुडाळात जिला भंगसाळ म्हणतात तीच पुढे कर्ली होते आणि देवबागेत समुद्राला मिळते.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी फजरनंतर मी आणि शाळेतल्या एक बाई ओढण्या खोचून कुडाळहून निघालो. नेरूर, नेरूरपारचा पूल, काळसे, धामापूर. पुलावर बराच वेळ थांबलो. धुकं पाण्यावरून हलत नव्हतं. धामापूरचा तलाव १५३० सालचा, २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचनस्थळांच्या यादीत गेलेला. त्याच्या काठी घावण्यांचा डबा उघडला. एका चढावर सायकली ढकलल्या, तेव्हा आगगाडीच्या वाटेचं मोल कळलं. चौके, तारकर्ली करत देवबाग गाठेपर्यंत दुपार टळली होती.

वाटेत हँडलला बॅट अडकवलेले मुलगे भेटले. म्हातारे भेटले. सायकलवर मोठी मुलगी एकही नाही.

याचं कारण बाहेरचे लोक चटकन आमच्या धर्मात शोधतात. माझा अनुभव निराळा आहे. मुलगी आठवीत गेली की सायकल घरी राहते, हे खरं. पण दीनमध्ये याला मनाई कुठे आहे, असं पालकसभेत विचारलं की उत्तर डंपरचं मिळतं. "बाई, चिऱ्याचे डंपर कसे धावतात बघता ना?" लोक काय म्हणतील हेही असतंच, नाही म्हणत नाही, ते शेजारच्या हिंदू घरातही असतं. मात्र लोकांच्या तोंडाला उत्तर देता येतं, डंपरला कसं देणार? मग पोरगी एसटीवर अवलंबून राहते. संध्याकाळची गाडी चुकली की घरी बोलणी, आणि दहावीनंतर शिक्षणच बंद.

बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. तिथे मुली घोळक्याने निघाल्या, आणि घोळक्याला बोलायची हिंमत कमीच जणांना होते.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची बोलणी चालू आहेत, पूल होतील, रस्ते रुंदावतील. त्याच आराखड्यात सायकलवाट मागायला हवी. नुसता पांढरा पट्टा नको, त्यावर रिक्षा उभ्या राहतात. मध्ये कठडा हवा. माडांच्या वाड्यांतून जागा मिळणं सोपं नाही, याची कल्पना आहे. म्हणून सगळा काठ एकदम मागू नये. आधी गावापासून हायस्कूलपर्यंतचे चार-पाच किलोमीटरचे तुकडे करा. पर्यटक त्यावरून खुशाल जावोत, पण सकाळी दहाच्या आधी वाट मुलींना मोकळी मिळाली पाहिजे.